कपाळावरची नागीण

सोमवार, ३ मार्च

ही वही मी हौसेने लिहीत नाही. वकिलांनी सांगितलं म्हणून लिहिते.

वकील म्हणजे ज्यांच्या काळ्या कोटाची बटणं मी वर्षातून दोनदा लावते ते. भांडताना हात फार उडवतात, बटणं टिकत नाहीत. काल कोट न्यायला आले तेव्हा म्हटलं, मला एका बाईला कोर्टात उभी करायचीय. ते म्हणाले, "आजी, कोर्टात राग चालत नाही, तारखा चालतात. काय झालं, कधी झालं, कोण काय बोललं ते रोज लिहा आणि सत्तावीस तारखेला माझ्याकडे या." ज्या टेलरची काजं घालते त्याच्याकडे मागच्या सालची कोरी डायरी पडून होती ती घेतली. छापील तारखेवर काट मारते आणि वर आजची घालते. चौथी शिकलेय. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, पण रेघ सोडत नाही. चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांना काजं घातलीत, सरळ चालायची सवय आहे.

तर तारखा.

१२ जानेवारी. माझी नात, तिला सगळे भिंगरी म्हणतात, तिला आठवा महिना. कपाळावर डावीकडे, केसांपासून भुवईपर्यंत फोड उठले. नागीण.

१३ जानेवारी. डॉक्टरीणबाईंनी पस्तीस गोळ्या दिल्या. दिवसाला पाच, सात दिवस. त्या पुऱ्या घेतल्या गेल्या नाहीत. कोणीतरी बंद केल्या.

८ फेब्रुवारी. मुलगी झाली. दोघी चांगल्या.

२० फेब्रुवारी. बारा दिवसांची बाळंतीण. सकाळी बाळाला पाजायला बसली आणि हात सुटला. तिच्या नवऱ्याने, म्हणजे जावयाने, बाळ झेललं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं आणि बोलणं गेलं. पंचविसाव्या वर्षी लकवा.

"कोणीतरी" हे वकिलांसाठी लिहिलंय. मला माणूस ठाऊक आहे. माझी विहीण, भिंगरीची सासू. बावीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरला उभी असते. कुठली गोळी काय करते आणि न दिली तर काय होतं, हे तिच्याइतकं कोणाला कळणार?

भिंगरीला आई नाही. बापाने दुसरा संसार मांडला. दोन वर्षांची होती तेव्हापासून माझ्या मांडीवर वाढली. त्या बाईला मी सोडणार नाही.

मंगळवार, ४ मार्च

भिंगरी अजून दवाखान्यातच आहे. मेंदूच्या डॉक्टरांनी आज कागदावर चित्र काढून समजावलं. नागीण वरून सुकली तरी नसेच्या आत बसून राहते. कपाळावरची असली तर डोळ्यामागच्या वाटेने मेंदूच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचते कधीकधी. वाहिनी सुजते. त्यात बाळंतपणात रक्त घट्ट झालेलं. गाठ अडकली. क्वचित होतं म्हणाले. क्वचित व्हायला यांना माझीच नात सापडली.

गोळ्या किती घेतल्या विचारलं. जावई म्हणाला, सहा. बाकीच्या? तो फरशीकडे बघत राहिला. हा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अडकलेली माणसं बाहेर काढतो, पण स्वतःच्या तोंडात अडकलेला शब्द काही याला काढता येत नाही. त्याची आई बाजूला बाळाच्या फडक्यांच्या घड्या घालत होती. घडी घातलेलंच फडकं उलगडून पुन्हा घडी घातली. मी बघितलं. चोराच्या मनात चांदणं.

मला नागीण काय चीज आहे ते ठाऊक नाही असं कोणी समजू नये. माझ्या सासूला कमरेला झाली होती. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातो, म्हणून ती रोज दोरीने अंतर मोजायची. कपाळावर वेढा घालायला जागाच कुठे? म्हणून मी भिंगरीला धीर देत होते. मला फोनवर लिहिता येत नाही, पण बटण दाबून धरायचं, बोलायचं आणि सोडायचं, हे तिनेच मला शिकवलंय. दिवसाला चार-पाच निरोप धाडायचे. काय काय बोलले ते आता आठवत नाही. आजी काय बोलणार, मायेचंच.

शुक्रवार, ७ मार्च

शब्द आला. "नको."

बोलायला शिकवणारी बाई रोज येते. पेला दाखवते, कंगवा दाखवते. आज पाणी पुढे केलं तर भिंगरी म्हणाली, नको. स्पष्ट. मग कंगव्यालाही नको, उशीलाही नको, जावयालाही नको. बाई म्हणाली, असंच होतं, एक शब्द सापडला की तोच सगळ्यांना लावतात. कळतं मात्र तिला सगळं. नुसते शब्द सापडत नाहीत.

जी पोरगी झोपेतही बडबडायची तिच्याकडे एकच शब्द उरलाय. मी बाहेर जाऊन जिना उतरत गेले आणि त्या बाईला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. पायऱ्या संपल्या, शिव्या संपल्या नाहीत.

रविवार, ९ मार्च

पुरावा सापडला.

विहीणबाई आंघोळीला गेल्या होत्या. त्यांच्या पर्समध्ये बाळाचं लसीचं कार्ड बघायला हात घातला. (हे वकिलांना असंच सांगायचं.) आतल्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत गोळ्यांच्या पट्ट्या. मोजल्या. एकोणतीस. पस्तिसातल्या सहा गेलेल्या. नीट घडी घालून दोरा बांधून जपून ठेवलेल्या. पट्ट्यांच्या मागे चहाचा चोथा वाळून चिकटलाय. गलिच्छ बाई. चोरलेली वस्तू तरी पुसून ठेवावी.

पिशवी होती तिथे ठेवली. एक गोळी मात्र फोडून घेतली. ती माझ्या बटणांच्या डबीत आहे.

सोमवार, १० मार्च

आज सगळ्यांसमोर बोलले. नर्स होती, जावई होता, शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा होता, त्याने वर्तमानपत्र खाली केलं. विहीणबाईंनी बाळाला उचलायला हात पुढे केला तेव्हा मी मध्ये उभी राहिले.

म्हटलं, "ज्याने हिच्या गोळ्या बंद केल्या, त्याचा हात या बाळाला लागायचा नाही. मी जिवंत असेपर्यंत नाही. हा माझा शब्द."

वाटलं होतं भांडेल. मी तयारीने गेले होते, पर्सचं काढणार होते. तिने जावयाकडे बघितलं. तो काही बोलायला गेला तर तिने नुसती मान हलवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं." आणि हात मागे घेतला.

खाई त्याला खवखवे. निर्दोष माणूस "बरं" म्हणतो का कधी?

भिंगरी खाटेवरून ओरडत होती. नको, नको, नको. डावा हात गादीवर आपटत होती. तिलाही ते हात बाळाला लागायला नको आहेत. मी तिचे डोळे पुसले, म्हटलं, तू गप पड, आजी आहे.

शुक्रवार, १४ मार्च

शिकवणाऱ्या बाईने पुठ्ठ्यावर फोटो चिकटवून दिलेत. बाळ, जावई, सासू, मी, पाणी, संडास, दुखतंय. जे हवं त्यावर बोट ठेवायचं.

मी एकटी असताना तिला विचारलं, गोळ्या कोणी बंद केल्या? बोट ठेव. तिने माझ्या फोटोवर ठेवलं. म्हटलं, मी आहे गं इथेच, कुठे जात नाही. गोळ्या कोणी बंद केल्या ते दाखव. पुन्हा माझ्याच फोटोवर. तीनदा विचारलं, तीनदा मीच. शेवटी नखाने टकटक करायला लागली. माझ्या फोटोच्या नाकावर ओरखडा पडला.

रक्त ते रक्त. दुसरं माणूस तिला दिसतच नाही. पण साक्षीला काही उपयोग नाही, वकील म्हणतील हिला प्रश्न कळत नाही.

मंगळवार, १८ मार्च

व्यायामवाला म्हणाला उजव्या बोटांना काम द्या. त्याच्याकडे लाकडी फळी आहे, तीन बटणांची, आणि काजं अशी की त्यातून मांजर जाईल. म्हटलं, हे काम तुम्ही मला सांगू नका. घरी जाऊन जाड कापडाचा पट्टा केला. दहा बटणं. पहिलं ओव्हरकोटाचं, शेवटचं बाळाच्या अंगरख्याचं. काजं हाताने घातली, एकेक टाका मोजून. काज बटणापेक्षा गव्हाच्या दाण्याएवढं मोठं असावं, जास्त नाही. सैल काज म्हणजे लबाडी.

तिच्या हातात दिला. नको म्हणाली आणि ढकलून दिला.

बुधवार, १९ मार्च

घरी सोडलं. माझ्या खोलीवर दोघींना नेणार होते, पण तिथे शिवणयंत्र सरकवल्याशिवाय दारसुद्धा पुरं उघडत नाही. म्हणून मीच विहिणीच्या घरी राहायला आले. तिसरा मजला. लिफ्टवाल्याच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद. म्हणे मालक भाग आणून देत नाही. जावयाने तिला पाठीवर घेऊन वर आणलं. मी मागे बाळ घेऊन. विहीण सगळ्यात शेवटी पिशव्या घेऊन.

तिने दुकानातून रजा काढलीय. बाळाची फडकी धुते, बाटल्या उकळते, दूध कोमट करून मनगटावर थेंब टाकून बघते आणि बाटली खोलीच्या उंबऱ्यावर ठेवते. तिथून मी उचलते. संध्याकाळी बाळ अर्धा तास रडलं, माझ्याकडे राहीना. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी. ओले हात पोटावर धरून. एक पाऊल पुढे आलं नाही.

बघून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

शनिवार, २२ मार्च

तपासणीला गेलो. मी मेंदूच्या डॉक्टरांना सरळच विचारलं, गोळ्या घेतल्या असत्या तर हे टळलं असतं का? वहीत लिहून घ्यायला पेन्सिल काढली होती. ते म्हणाले, "धोका कमी झाला असता. टळलाच असता असं मी सांगू शकत नाही. काहींना गोळ्या घेऊनही होतं." मी म्हटलं, पण कमी झाला असता. ते म्हणाले हो. मी "हो" लिहिलं आणि खाली रेघ मारली.

मग विचारलं, गरोदर बाईला त्या गोळ्या वाईट का? ते म्हणाले, नाही, हिच्या डॉक्टरांनी विचार करूनच दिल्या होत्या. जावई उठून बाहेर गेला. विहीणबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. बाहेर नुसती भिंत आहे.

आता एकच पाहिजे. त्या बाईच्या तोंडचे शब्द. ती दिवसभर दुकानात असायची, म्हणजे भिंगरीला काही सांगायचं तर फोनवरच सांगितलं असणार. भिंगरीचा फोन जावयाने कपाटावर ठेवलाय. मागितला तर म्हणतो, बॅटरी गेलीय, आजी, राहू द्या. आईला वाचवतोय.

सोमवार, २४ मार्च

जावई कामावर, विहीण खाली बाळाचं कार्ड घेऊन दवाखान्यात. कपाटावरून फोन काढला. बॅटरी भरली होती.

तो तिच्या अंगठ्याने उघडतो. उजव्या. मी तिचा अंगठा धरला, ओल्या कापडासारखा लोळागोळा, आणि काचेवर दाबला. उघडला. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तुझ्या सासूचे निरोप दाखव. तिला मी सोडत नाही."

तिने डाव्या हाताने फोन माझ्याकडून घेतला. वेळ लागला. बोट इकडचं तिकडे जायचं, ती परत आणायची. मग एका जागी थांबली, फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि दाबलं.

मी इथे सगळं जसंच्या तसं लिहिते. आठ वेळा ऐकलंय. पुरावा तो पुरावा.

"अगं भिंगरे, ऐक. आठव्या महिन्यात कसल्या गोळ्या गिळतेस दिवसाला पाच-पाच? पोटातल्याला काही झालं म्हणजे? मला पाच झाली, एका गोळीला शिवले नाही. तुझी सासू काय, दुकानदारीण. तिला पुड्या बांधायची सवय. तिचं ऐकू नकोस. नागीण कमरेला आली तर भ्यायचं, दोन टोकं जुळली तर माणूस जातो. कपाळावर कुठे जुळणार आहेत तिची टोकं? टाक त्या गोळ्या केरात. माझी शपथ आहे तुला."

१४ जानेवारी, दुपारी सव्वाचार.

त्याच्याखाली तिचा निरोप. तिच्या आवाजात. तिच्या जुन्या आवाजात, भराभर, हसत.

"बरं बाई, टाकल्या. सासूबाई आल्या की माझं काही खरं नाही. आता तरी शिव्या देऊ नकोस."

मंगळवार, २५ मार्च

माझ्या खोलीवर आहे.

बुधवार, २६ मार्च

उचलली जीभ, लावली टाळ्याला. लोकांना म्हणायचे मी हे.

चहाचा चोथा. तिने त्या पट्ट्या केरातून काढल्या होत्या.

गुरुवार, २७ मार्च

आज वकिलांकडे जायचं होतं. गेले नाही. तीन शर्टांची काजं घालायची होती. एक काज चुकलं, उसवलं, पुन्हा घातलं, पुन्हा चुकलं.

दुपारी विहीण आली. माझ्या दारात पहिल्यांदाच. यंत्राला वळसा घालून आत आली, बसायला जागा नव्हती म्हणून कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसली. पाणी विचारायचं मला सुचलं नाही.

मी म्हटलं, "तुम्हाला कधी कळलं?"

ती म्हणाली, त्याच दिवशी. संध्याकाळी घरी आले तर पट्ट्या केरात. उचलल्या, झटकल्या, भिंगरीपुढे ठेवल्या. म्हणाली आजीची शपथ आहे. मी चार दिवस भांडले, डॉक्टरीणबाईंना फोन जोडून दिला, त्यांनी सांगितलं, तरी नाही. तुमची शपथ मोडली तर तुम्ही मराल असं वाटत होतं तिला.

मी मेले नाही. सत्तरी उलटली, दात सगळे शाबूत आहेत.

मी विचारलं, मग त्या दिवशी दवाखान्यात "बरं" का म्हणालात? सगळ्यांसमोर मला आडवी करायची होती. फोन काढायचा होता. मी तेच केलं असतं.

"तुम्ही केलंच असतं," ती म्हणाली. "मी करणार होते. खूप वाटलं होतं. पण तुम्हाला खरं कळलं असतं तर तुम्ही असंच करणार होतात, दार लावून इथे बसणार होतात. तिला उठवायचं, बसवायचं, चालवायचं, वर बाळ. माझ्या एकटीच्यानं होत नाही. मला तुमची दया आली नव्हती, विहीणबाई. मला माणूस हवं होतं."

मी म्हटलं, आणि आता?

"आताही हवंय," ती म्हणाली. "तिने तुमच्या पट्ट्यातलं पहिलं बटण काढलं काल. लावता येत नाही अजून."

उठली. दारात थांबून म्हणाली, "मनातल्या मनात मी तुम्हाला रोज शिव्या देते. बाटल्या उकळताना. तेवढ्यावर माझं भागतं."

एवढ्या वर्षांत ही बाई मला पहिल्यांदा आवडली. आणि अशा वेळी आवडावी.

शुक्रवार, २८ मार्च

परत आले. मी आत पाऊल टाकलं तेव्हा बाळ खाटेवर होतं. विहीण म्हणाली, घ्या, तुमची वाट बघत होतं. मी म्हटलं, नाही. तुम्ही घ्या.

मी शब्द दिला होता, ज्याने गोळ्या बंद केल्या त्याचा हात लागायचा नाही. माणूस बदलला म्हणून शब्द बदलत नाही. दुसऱ्याला शिक्षा द्यायला जीभ चालते ना, मग घे आता.

तिने बाळाला उचललं. अठरा दिवसांनी. खांद्यावर घेतलं आणि तोंड फिरवून खिडकीकडे गेली. मी बाटल्या उकळायला गेले.

जावई संध्याकाळी आला, मला बाटल्यांपाशी बघून बूट न काढता उभा राहिला. म्हणाला, "आजी, असं नका करू." तीन महिन्यांत त्याने आपणहून माझ्याशी बोललेलं हे पहिलंच वाक्य. मी म्हटलं, पाय पुसा, फरशी ओली आहे.

सोमवार, ३१ मार्च

वकिलांची गाठ पडली, कोट घेऊन आले होते. म्हणाले, आजी, आला नाहीत सत्तावीसला. पुरावा नाही मिळाला?

म्हटलं, मिळाला. तारीख आहे, वेळ आहे, आवाज आहे.

"मग दावा करायचा ना?"

म्हटलं, नको, गुन्हेगाराला गुन्हा कबूल आहे. शिक्षा चालू झाली.

ते म्हणाले, असे खटले आमच्याकडे आले तर आम्ही उपाशी मरू. मी बटण लावून दिलं. दोऱ्याचे चार वेढे जास्त घातले. त्यांना काय, ते तोडणारच.

गुरुवार, ३ एप्रिल

भिंगरी माझ्याशी नीट नाही. विहिणीने भरवलं तर खाते. मी घास पुढे केला की नको. मी केस विंचरायला गेले की नको. पाठीला आधार द्यायला गेले की नको. आता तिला "पाणी" येतं, "बाळ" येतं, "दे" येतं, जावयाला काहीतरी म्हणते ते फक्त त्यालाच कळतं. मला एकच शब्द.

शिकवणारी बाई खूश झाली. म्हणाली, बघा, आता ती "नको" जिथे हवं तिथेच वापरते.

हो. बघितलं.

मला वाईट वाटतं का? वाटतं. पण माझ्याच मांडीवर वाढलीय. तिने दोन दिवसांत माफ केलं असतं तर मला वाटलं असतं, मेंदूला जास्तच मार बसलाय.

सोमवार, ७ एप्रिल

मी भांडी घासते, फडकी धुते, उंबऱ्यापर्यंत बाटली आणते. विहीण खोलीच्या आतून घेते. बाळाच्या पायाची बोटं मला उंबऱ्यावरून दिसतात. रडलं की माझे हात आपोआप वर येतात. ते ओले करून पोटावर धरून उभी राहते. आता कळलं ती तशी का उभी राहायची. ओले हात बाळाला लावता येत नाहीत, म्हणून.

बटणांच्या डबीतली गोळी काढून टाकणार होते. राहू दिली. डबी रोज उघडावी लागते.

शुक्रवार, ११ एप्रिल

पट्टा. पाच बटणं लावली. पाचवं शर्टाचं. पंचवीस मिनिटं लागली. मला दाखवलं नाही, विहिणीला दाखवलं. मी स्वयंपाकघरातून बघितलं. काज घट्ट आहे, मला ठाऊक आहे. मी सैल केलं नाही.

रविवार, १३ एप्रिल

विहीण आजपासून दुकानात अर्धा दिवस. रजा संपली. जावई कुठेतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या कोणाला काढायला गेला होता. सकाळी दहाच्या सुमाराला घरात आम्ही तिघीच.

बाळ रडायला लागलं. भुकेचं नाही, बाटली होऊन अर्धा तास झाला होता. नुसतं, उचला मला असं. मी उंबऱ्यावर उभी राहिले. हात ओले केले. बोबड्या आवाजात काहीतरी बोलले, त्याने ते जास्तच रडलं. खाली जाऊन शेजारणीला आणू का म्हटलं, तर तिसरा मजला, लिफ्ट बंद, आणि या दोघींना एकटं टाकून जायचं कसं.

भिंगरी खाटेवर बसली होती, पाय खाली सोडून. बाळ तिच्या उजव्या अंगाला, उशांच्या मध्ये. तिने माझ्याकडे बघितलं. बरंच बघितलं. मी म्हटलं, "मला लावायचा नाही हात. तुला माहीत आहे."

मग ती वळली. डावा हात बाळाच्या मानेखाली घातला. उजवा उचलला, तो आला अर्ध्यावर, पडला. पुन्हा उचलला. बोटं उघडेनात. तिने ती बाळाच्या अंगरख्याच्या बटणांवर टेकवली, घासली, आणि उघडली. व्यायामवाल्याने शिकवलं नव्हतं हे. पट्ट्याने शिकवलं असेल. उजवा हात बाळाच्या पाठीखाली सरकला, इंच इंच.

उचललं. खाटेपासून वीतभर वर. उजवा हात कापत होता. ज्या हातातून ते एकदा सुटलं होतं तोच हात.

मी उंबरा कधी ओलांडला ते मला आठवत नाही. हात कशाला पुसले तेही नाही. खाटेशी गुडघ्यावर होते आणि माझे दोन्ही हात बाळाच्या खाली. लावले नाहीत. चार बोटांचं अंतर होतं, मी बघत होते. बाळ वर गेलं की हात वर, खाली आलं की खाली. घामाचा थेंब माझ्या नाकावरून ओघळला, पुसला नाही.

तिने बाळाला छातीपर्यंत आणलं. टेकवलं. बाळ हुंदके देत गप झालं.

मग तिने मान खाली करून माझे हात बघितले. अजून तिथेच होते, उताणे, रिकामे.

तिला तो शब्द चांगला येतो. सगळ्यात आधी आलेला, सगळ्यात स्पष्ट. मी वाट बघितली.

तिने म्हटला नाही.